सेंटची बाटली फुटली त्या कोपऱ्यात, वास आला दोन मिनिटांनी. मग हे रेणू धावतात तरी कुठे?

निळीशाई
मंडळी, प्रश्न कदाचित बाळबोध वाटेल पण चार दिवस डोक्यात भुणभुण चालू आहे म्हणून धागा काढतोय. भाची बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. परवा कपाटात काहीतरी शोधताना तिच्या हातून सेंटची बाटली सुटली आणि फरशीवर आपटून ठिकऱ्या झाल्या. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला, पाचेक मीटरवर, खुर्चीत मोबाईल बघत बसलेलो. आवाज लगेच आला. मी बसल्या जागेवरून 'लागलं का गं' विचारलं, ती 'नाही' म्हणाली, झाडू घेऊन आली, अर्ध्या काचा सुपलीत भरून झाल्या तेव्हा कुठे माझ्या नाकापर्यंत वास आला. दीड-दोन मिनिटं सहज गेली असतील.

रात्री ती वायूंचा गतिज सिद्धांत घेऊन बसली होती, तिथून ओरडली, 'मामा, इथे लिहिलंय की साध्या तापमानाला नायट्रोजनचा रेणू सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास जातो. सेंटचा रेणू जड म्हणून निम्मा वेग धरू. पाच मीटर जायला सेकंदाचा पन्नासावा भाग. तुला दोन मिनिटं का लागली?' मी 'नाक चोंदलं असेल' म्हणून वेळ मारून नेली. पण खरंच, का? जाणकारांनी जरा सोपं करून सांगावं, माझं फिजिक्स बारावीत सुटलं ते सुटलंच.

उगाचच
रेणूंना पण ट्रॅफिक लागतं हो.

घनमूळ
उगाचच यांनी एका ओळीत अख्खं उत्तर दिलंय, मी फक्त आकडे भरतो.

वेग खरा आहे. २७ अंश सेल्सिअसला नायट्रोजनच्या रेणूंचा आरएमएस वेग (वेगांच्या वर्गांची सरासरी काढून तिचं वर्गमूळ) सुमारे ५१७ मीटर प्रति सेकंद येतो, साधी सरासरी घेतली तर ४७५ च्या आसपास. पण रेणू एकटा नाही ना. रेणूचा व्यास साधारण ०.३७ नॅनोमीटर, शेजारचा रेणू सरासरी साडेतीन नॅनोमीटरवर, आणि दोन टकरींच्या मधे तो सरळ किती जातो तर जेमतेम ६८ नॅनोमीटर. यालाच मीन फ्री पाथ म्हणतात, मराठी पुस्तकात सरासरी मुक्त पथ. ४७५ ला ६८ नॅनोमीटरने भागा, सेकंदाला साधारण ७०० कोटी टकरी. प्रत्येक टकरीत दिशा बदलते. म्हणजे तो पळतोय सुसाट पण पोचत कुठेच नाही.

डोळ्यासमोर आणायचं तर रेणू क्रिकेटच्या चेंडूएवढा करा, सात सेंटीमीटर. शेजारचा चेंडू दोन फुटांवर आणि एक टक्कर ते दुसरी टक्कर यात अंतर तेरा मीटर. म्हणजे पीचच्या मधोमधपेक्षा थोडं पुढे. भाचीला सांगा नाक ठीक आहे तुमचं.

निळीशाई
धन्यवाद घनमूळ. चेंडूवाला हिशोब कळला. पण मग शेजारी दोन फुटांवर असताना टक्कर तेरा मीटरनंतर का? लगेच का नाही आपटत?

घनमूळ
कारण शेजारी सगळीकडे पसरलेत आणि चेंडू लहान आहे. नेमका समोर, आपल्या रेषेत यायला हवा ना. दाट नसलेल्या जंगलात डोळे मिटून चाललात तर पहिल्याच झाडाला थोडेच आपटता? मुक्त पथाच्या सूत्रात दर घनमीटर रेणूसंख्या गुणिले पाय डी वर्ग (डी म्हणजे रेणूचा व्यास) असतं छेदात, आणि त्याच छेदात आणखी एक दोनचं वर्गमूळ, कारण समोरचे रेणूही हलतायत. ते दोनचं वर्गमूळ मॅक्सवेलचं, त्याआधी क्लॉसियस या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने सगळ्यांचा वेग सारखा धरला होता म्हणून त्याच्याकडे त्या जागी चार तृतीयांश आहे.

रिकामटेकडी
धागाकर्त्या मामांनी अजिबात लाजू नये, तुमच्या भाचीने विचारलाय तोच प्रश्न १८५८ साली बॉइज बॅलट नावाच्या डच हवामानतज्ज्ञाने विचारला होता, अगदी हाच. क्लॉसियसने १८५७ मध्ये पेपर लिहिला की उष्णता म्हणजे रेणूंची धावपळ, आणि वेग काढले तर शेकडो मीटर प्रति सेकंद निघाले. बॉइज बॅलट म्हणाला, अहो मग खोलीच्या एका कोपऱ्यात क्लोरीन सोडला तर दुसऱ्या कोपऱ्यात वास यायला मिनिटं का लागतात, आणि तंबाखूचा धूर खोलीत थर करून तरंगत का राहतो? क्लॉसियस त्यामुळे अडला आणि त्याच वर्षी त्याने मुक्त पथाची कल्पना काढली. म्हणजे भौतिकशास्त्रातली एक मोठी गोष्ट वासावरून सुचलेली आहे. (इथे माझ्यातली गॉसिप-बाई जागी झाली, मोठा प्रतिसाद देते थांबा.)

उगाचच
थांबलो.

रिकामटेकडी
हां. तर क्लॉसियस पहिला नव्हेच. डॅनियल बर्नुलीने १७३८ मध्येच दाब म्हणजे कणांचा मारा हे लिहून ठेवलं होतं, पुढे शंभर वर्षं कुणी फारसं ढुंकून बघितलं नाही. पण माझा जीव ज्याच्यासाठी तुटतो तो जॉन जेम्स वॉटरस्टन. हा माणूस आपल्या मुंबईत होता! ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारी कॅडेट्सना शिकवायचा. १८४५ मध्ये त्याने मुंबईहून रॉयल सोसायटीला पेपर पाठवला. त्यात काय होतं, तर तापमान हे रेणूच्या वेगाच्या वर्गाशी जोडलेलं आहे, आणि दोन वेगवेगळे वायू एकत्र ठेवले की दर रेणूमागे गतिज ऊर्जा सारखी होते. म्हणजे इक्विपार्टिशनचा, ऊर्जेच्या समान वाटणीच्या तत्त्वाचा, गाभाच की! परीक्षकांपैकी एकाने शेरा मारला की हा निव्वळ मूर्खपणा आहे, सोसायटीपुढे वाचायच्याही लायकीचा नाही. आणि या बिचाऱ्याने स्वतःसाठी प्रत ठेवली नव्हती. सोसायटीने हस्तलिखित परत दिलं नाही, ते दप्तरात पडून राहिलं. १८८३ मध्ये हा घरातून फिरायला म्हणून बाहेर पडला तो परत आलाच नाही. १८९१ मध्ये लॉर्ड रॅलेला ते दप्तरात सापडलं आणि १८९२ मध्ये छापलं, ४७ वर्षांनी.

तेव्हा प्रत ठेवत चला, एवढंच.

कोपऱ्यातली
बापरे. हे माहीतच नव्हतं. आमच्या पुस्तकात या धड्याला मॅक्सवेल आणि बोल्ट्झमन सोडून माणसंच नाहीत.

तिसरा_घटक
मला एक जुनी शंका विचारायचीय, धागा निघालाच आहे तर. दाबाचं सूत्र काढताना आपण काय करतो, घनाकृती पेटी, एक रेणू या भिंतीवरून निघाला, सरळ त्या भिंतीला जाऊन आपटला, परत आला, दोन एल भागिले व्हीएक्स (पेटीची लांबी एल, त्या दिशेचा वेग व्हीएक्स) एवढा वेळ लागला वगैरे. आणि शेवटी पी व्ही बरोबर एक तृतीयांश एन एम व्ही वर्ग, म्हणजे दाब गुणिले आकारमान बरोबर रेणूंची संख्या, एकाचं वस्तुमान आणि वेगाच्या वर्गाची सरासरी यांच्या गुणाकाराचा तिसरा हिस्सा. परीक्षेत दहा वेळा लिहिलंय. पण वर घनमूळ म्हणतायत रेणू ६८ नॅनोमीटरच्या पुढे सरळ जातच नाही! मग तो भिंतीपासून भिंतीपर्यंत गेला कधी? मी सरांना विचारलं होतं, ते म्हणाले टकरी नाहीत असं गृहीत धरलंय ना, गृहीतकं नीट वाच. पण गृहीतक उघड उघड खोटं आहे आणि उत्तर बरोबर येतंय हे मला कधीच पचलं नाही.

शून्य_केल्विन
उत्तम शंका. या धड्यातली सगळ्यात प्रामाणिक शंका हीच, आणि बहुतेक जण ती न विचारताच पास होतात.

शेवटच्या सूत्रात एल उरतो का? नाही, कटतो. तीच खूण आहे की पेटी किती लांब हे दाबाला कळतच नाही. दाब ही भिंतीलगतची गोष्ट. असं करा, वेळ घ्या फक्त दहाचा उणे बारावा घात सेकंद. ५०० च्या वेगाने रेणू तेवढ्यात जाईल अर्धा नॅनोमीटर. म्हणजे भिंतीला चिकटून असलेल्या अर्ध्या नॅनोमीटरच्या थरातले, भिंतीकडे तोंड करून निघालेले रेणूच तेवढ्या वेळात आपटणार. मुक्त पथ ६८ नॅनोमीटरचा, त्यामुळे एवढ्या वाटेत जवळजवळ कुणाचीच टक्कर होत नाही. प्रत्येक जण दोन एम व्हीएक्स संवेग देऊन परततो, बेरीज करा, तेच सूत्र. लागतं काय तर एवढंच की त्या थरात वेगांची वाटणी सगळ्या दिशांना सारखी असावी, आणि ती सारखी ठेवायचं काम उलट टकरीच करतात. टकरी विसरायच्या नाहीत, त्यांचे उपकार मानायचे.

पेटीवाली कथा सोपी आहे म्हणून चालते. तुमच्या सरांचं चुकलं नाही पण त्यांनी तुम्हाला गप्प केलं, ते चुकलं.

तिसरा_घटक
एल कटतो!! इतकी वर्षं डोळ्यासमोर होतं. आभार.

घनमूळ
याच डेरिव्हेशनची दुसरी गंमत. काही जण 'एक तृतीयांश रेणू एक्स दिशेने, एक तृतीयांश वाय, एक तृतीयांश झेड' असं शिकवतात. दाबाचं उत्तर बरोबर येतं, पण तसं कुणी जात नाही. व्हीएक्स वर्गाची सरासरी एकूण व्ही वर्गाच्या सरासरीच्या एक तृतीयांश असते, एवढंच खरं. तो शॉर्टकट घेऊन पेटीच्या भोकातून दर चौरस मीटरला सेकंदाला किती रेणू निसटतात हे काढायला जा, एक षष्ठांश एन व्ही येईल (इथे एन म्हणजे दर घनमीटर रेणूसंख्या, व्ही सरासरी वेग). खरं उत्तर एक चतुर्थांश एन व्ही. तिथे पितळ उघडं पडतं.

शून्य_केल्विन
आणि भोकातून निसटणाऱ्यांची सरासरी ऊर्जा दीड केटी (बोल्ट्झमनचा स्थिरांक गुणिले केल्विनमधलं तापमान) नसते, दोन केटी असते, कारण वेगवान रेणू भोकाशी जास्त वेळा येतात. तोंडी परीक्षेत हा विचारला की भलेभले चाचपडतात.

व्हॅक्यूमवाला
उशिरा आलो. माझी निम्मी नोकरी व्हॅक्यूम चेंबरसमोर बसून गेली आहे त्यामुळे राहवत नाही.

तिसरा_घटक, तुमची ती पेटीवाली डेरिव्हेशन माझ्या चेंबरमधे शब्दशः खरी असते. दहाचा उणे सहावा घात मिलीबारला (बाहेरच्या हवेचा दाब साधारण हजार मिलीबार) मुक्त पथ होतो ६६ मीटर. चेंबर माझा अर्धा मीटर. म्हणजे रेणू एका भिंतीवरून निघाला की दुसऱ्या भिंतीलाच, मधे कुणी भेटतच नाही. आणि एवढं 'रिकामं' केल्यावरही एका घन सेंटीमीटरमधे सुमारे २४०० कोटी रेणू असतात बरं का.

नवीन पोरं येतात त्यांना वाटतं पंप हवा ओढतो. त्या दाबाला ओढणं वगैरे काही नसतं. रेणू भिंतीवरून भिंतीवर आपटत फिरतो आणि चुकून पंपाच्या तोंडात शिरला तर पंप त्याला परत येऊ देत नाही, बस. म्हणून पाईप रुंद आणि आखूड ठेवायचा. एकदा आमच्याकडे दाब दहाच्या उणे चौथ्या घाताखाली उतरेचना. दोन दिवस हीलियम फवारून गळती शोधत होतो, प्रत्येक सांध्यावर. शेवटी फ्लँज (सांध्याची चकती) उघडली तर ओ-रिंगवर, म्हणजे आतल्या रबरी कड्यावर, एक केस. आडवा पडलेला. माझाच, कारण तिथे तेव्हा केस असलेला मी एकटाच होतो (आता तोही प्रश्न उरला नाही).

उगाचच
:)) केसाने गळा कापला.

व्हॅक्यूमवाला
अजून एक. पिराणी गेज म्हणून असतो, तापलेल्या तारेतून हवा किती उष्णता पळवते त्यावरून दाब सांगतो. कमी दाबाला झकास चालतो, वातावरणाच्या दाबाजवळ आला की आंधळा होतो. का? कारण तिथे हवेची उष्णतावाहकता दाबावर अवलंबूनच राहत नाही.

कोपऱ्यातली
हे काही पटेना. जास्त हवा म्हणजे जास्त रेणू, जास्त उष्णता वाहायला नको का?

शून्य_केल्विन
वाहणारे दुप्पट केले की प्रत्येकाची वाटचालही निम्मी होते, टकरी वाढल्या म्हणून. दुप्पट हमाल, पण प्रत्येक जण निम्म्याच अंतरावर ओझं दुसऱ्याच्या हातात देणार. हिशोब तिथल्या तिथे. श्यानतेचं पण तेच. आणि हे मॅक्सवेलला स्वतःलाच पटलं नव्हतं. १८६० मध्ये गणितातून निघालं की वायूची श्यानता घनतेवर अवलंबून नाही, त्याला ते विचित्र वाटलं, मग लंडनच्या घराच्या माळ्यावर त्याने आणि त्याची बायको कॅथरीनने मिळून प्रयोग केले. ती शेगडी पेटती ठेवून खोलीचं तापमान सांभाळायची. १८६६ मध्ये छापलं आणि भाकीत खरं ठरलं. रेणू खरोखर असतात यावर तेव्हा सगळ्यांचा विश्वासही नव्हता, त्या काळात अशी उफराटी गोष्ट खरी निघणं म्हणजे मोठाच पुरावा.

तिसरा_घटक
श्यानता म्हणजे व्हिस्कॉसिटी ना? आमच्या वेळी विष्यंदता होती.

रिकामटेकडी
शब्द इतका चिकट आहे की जिभेवरून सरकत नाही, अर्थपूर्ण भाषांतर म्हणायचं.

बिनचूक
सगळा धागा वाचला. चांगली चर्चा आहे पण मूळ प्रश्नाचं उत्तर चुकलंय. घनमूळ, राग मानू नका, पुस्तकात हेच असतं आणि पुस्तकातही ते अर्धवटच असतं.

टकरी होतात म्हणून उशीर होतो, मान्य. पण किती उशीर? कुणी काढून बघितला का? विसरण म्हणजे डिफ्युजन, रेणूंचं भरकटत पसरणं; त्याचा गुणांक डी म्हणजे एक तृतीयांश गुणिले मुक्त पथ गुणिले वेग. ६८ नॅनोमीटर आणि ४७५ घाला, दहाचा उणे पाचवा घात चौरस मीटर प्रति सेकंद येतो. सेंटच्या रेणूसाठीही हवेत साधारण याच मापाचा. आता भरकटत जाणाऱ्या रेणूला अंतर कापायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो, अंतराचा वर्ग भागिले दोन डी. एक सेंटीमीटरला ५ सेकंद. दहा सेंटीमीटरला आठेक मिनिटं. एक मीटरला १४ तास. आणि पाच मीटरला? साडेबारा लाख सेकंद, म्हणजे चौदा दिवस.

निळीशाईंना वास दोन मिनिटांत आला. भाचीचा प्रश्न 'इतका उशीर का' असा होता, खरं तर तो 'इतक्या लवकर कसा' असा हवा.

निळीशाई
काय??

उगाचच
म्हणजे मामांनी चौदा दिवस खुर्चीत बसायला हवं होतं. मोबाईल होताच हातात, जमलं असतं.

घनमूळ
राग कसला, मान्य. मी आकडे भरले पण शेवटचा भागाकार केला नाही. हे मी पोरांना कायम ओरडतो आणि स्वतः तेच केलं.

कोपऱ्यातली
बिनचूक, एक अडचण आहे. तुम्ही काढलेला वेळ सरासरी रेणूचा ना? नाकाला सगळे रेणू थोडेच लागतात. काही वास तर इतके थोडे रेणू असले तरी कळतात की विचारू नका. पहिले दोन-चार चुकार रेणू आले की झालं. सगळा समूह पोचायची वाट कशाला बघायची?

बिनचूक
आक्षेप बरोबर आहे, मी तो दडपला होता. करू हिशोब. समजा नाक इतकं तिखट की दहा लाखांत एखादा रेणू आला तरी कळेल. विसरणाची घंटा-वक्ररेषा घेतली तर पसाऱ्याच्या साधारण पाचपट अंतरावर तेवढे चुकार सापडतात, खरं तर थोडे कमीच. म्हणजे वेळ पंचवीस पटींनी कमी. चौदा दिवस भागिले पंचवीस, पुन्हा चौदाच, पण तास. नाक आणखी तिखट करा, दहा कोटीत एक करा, वेळ काही मिनिटांवर येत नाही कारण ती घंटा कडेला फार झपाट्याने उतरते.

कोपऱ्यातली
मग दोन मिनिटांत आणलं कुणी?

बिनचूक
वाऱ्याने. खोलीतली हवा कधीच स्थिर नसते. माणूस गरम, त्याच्या अंगाभोवती हवा वर चढते. कोपऱ्यातली भिंत थंड, तिथे खाली उतरते. भाची झाडू घेऊन इकडून तिकडे गेली, तिने किती ढवळली असेल. सेकंदाला पाच सेंटीमीटर इतका मंद झोत, जो अंगाला जाणवतही नाही, पाच मीटर अंतर शंभर सेकंदांत कापतो. दीड-दोन मिनिटं! रेणूंचा वेग आणि मुक्त पथ या दोन्ही गोष्टी खऱ्या, पण तुमच्या नाकापर्यंत वास यापैकी कुणीच आणला नाही. विसरणाने फक्त शेवटचे काही मिलीमीटर केले असतील.

रिकामटेकडी
थांबा थांबा, हे भारीच झालं. बॉइज बॅलट कशासाठी ओळखला जातो माहीत आहे का? वाऱ्यांच्या नियमासाठी! वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, उत्तर गोलार्धात कमी दाब डाव्या हाताला. ज्याचं आयुष्य वारा मोजण्यात गेलं त्याने वासाचा प्रश्न विचारला, आणि खोलीपुरतं खरं उत्तर निघालं वारा.

शून्य_केल्विन
वा! पण क्लॉसियसच्या पदरात माप टाकू या. त्याला एवढंच दाखवायचं होतं की वेगवान रेणू आणि संथ पसरणं या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, आणि ते त्याने दाखवलं. त्याच मुक्त पथावरून पुढे १८६५ मध्ये लोश्मिटने रेणूचा आकार काढला, एक नॅनोमीटरच्या जवळपास. आजच्या आकड्याच्या दोन-तीनपट, पण रेणू कुणी पाहिलेला नसताना एवढं जवळ जाणं खायची गोष्ट नाही.

तिसरा_घटक
मग आवाज लगेच कसा आला? तोही त्याच गर्दीतून येतो ना?

शून्य_केल्विन
आवाजात रेणू प्रवास करत नाही, धक्का करतो. गर्दीच्या फलाटावर मागून ढकललं की पुढच्याला लगेच कळतं, मागचा मात्र जागेवरच. निरोप पोचायला माणूस पोचावा लागत नाही. पण निरोप रेणूंच्याच हातून जातो म्हणून त्याचा वेग रेणूंच्या वेगाच्या आसपासच असतो. हवेत २७ अंशाला आरएमएस वेग ५०८, आवाजाचा ३४७. गुणोत्तर काढा, गॅमा (वायूच्या दोन विशिष्ट उष्णतांचं गुणोत्तर, हवेसाठी १.४) भागिले तीनचं वर्गमूळ. वासात मात्र तोच रेणू स्वतः यायला हवा. भाचीला हा फरक सांगा, आवाज आणि वास एकाच बाटलीतून एकाच क्षणी निघाले होते.

उगाचच
आणि पुरेशी वाट पाहिली तर वास परत बाटलीत जाईल का? सगळ्या टकरी उलट केल्या तर नियम मोडत नाही ना कुठला.

शून्य_केल्विन
उगाचच, तुम्ही चेष्टेत १८७६ सालचा लोश्मिटचा आक्षेप मांडलात, वर आलेला तोच लोश्मिट. बोल्ट्झमनचं उत्तर: नियम मोडत नाही, पण तशी मांडणी इतक्या अगणित मांडण्यांमधली एक. फक्त १०० रेणू घ्या आणि सगळे खोलीच्या डाव्या अर्ध्यात यायची वाट बघा. शक्यता एकावर तीस शून्यांत एक. आणि बाटलीत १०० नव्हते. यावर वेगळा धागा काढा, इथे निळीशाईंच्या धाग्याचं वाट्टोळं होईल.

उगाचच
बाटली पण फुटलीय, जाणार कुठे परत. सोडा.

निळीशाई
आठवडा झाला, मूळ प्रश्नाकडे परत आणतो. भाचीने हा अख्खा धागा वाचला आणि शनिवारी घरात प्रयोगशाळा उघडली. वायरिंगचा प्लॅस्टिकचा पाईप आणला, एक तुकडा एक मीटरचा, एक अर्ध्या मीटरचा. आडवे ठेवले. एका टोकाला सेंट लावलेला कापूस घालून टोपण, दुसऱ्या टोकालाही टोपण. बिनचूक यांचा पंचवीसने भागायचा हिशोब तिने पाईपला लावला: एक मीटरला ३३ मिनिटं, अर्ध्या मीटरला आठ. म्हणाली, आकडा चुकला तरी चालेल पण अर्ध्या लांबीला पाव वेळ लागायला हवा, तेवढं बघायचंय. खोलीत उघड्यावर एक मीटरवरून तोच कापूस तीन सेकंदात कळला, तेही नोंदवलं.

अर्ध्या मीटरच्या पाईपला दर दोन मिनिटांनी टोपण किंचित उचलून हुंगत होतो. दहाव्या मिनिटाला दोघांनाही वास आला. एक मीटरच्या पाईपला वीस मिनिटं काही नाही, तीस मिनिटं काही नाही, मी कंटाळून उठलो. अडतिसाव्या मिनिटाला ती म्हणाली आला. मी म्हटलं नाही आला. बेचाळिसाव्याला मलाही आला.

बिनचूक
दहा आणि अडतीस! पोरगी छान आहे. पण आक्षेप नोंदवतो. दर वेळी टोपण उघडलं की हवा हलते. शिवाय दोन नाकांत चार मिनिटांचा फरक. आणि आत्ताच हुंगलेलं नाक पुढच्या वेळी तेवढं तिखट राहत नाही.

व्हॅक्यूमवाला
कापूस कुणी भरला? ज्याने भरला त्याने हुंगायचं नसतं. माझा केस आठवा.

निळीशाई
कापूस तिनेच भरला होता. तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला तर आधी स्वतःची बोटं हुंगली आणि मग काही न बोलता उठून हात धुवायला गेली. रविवारी पुन्हा करायचं ठरलंय. कापूस मी भरणार, आणि हुंगायला शेजारच्या मुलीला बोलावलंय, तिला काय हुंगायचं ते सांगायचं नाही असं ठरलंय.